दंडावरचा बिब्बा

लोक माझ्या तोंडाकडे पाहतात, मग पटकन दुसरीकडे पाहतात, आणि विचारत काहीच नाहीत. पाहुणा आला की चहा होईपर्यंत माझ्या डाव्या डोळ्यातलं पांढरं फूल चोरून पाहत उन्हाळ्याच्या गोष्टी करतो. तेव्हा न विचारताच सांगून टाकतो. मला देवी आल्या होत्या. ऐन तिशीत आल्या. आणि मी नोकरी कसली करत होतो म्हणाल, तर देवी टोचायची.

हसू आलं असेल तर हसून घ्या. मलाही येतं, पण फार उशिरा यायला लागलं.

आताच लिहायचं कारण इतकंच. आमच्या गल्लीत एका पोरीला विषमज्वर झाला आहे. तिची खाट खिडकीशी लावली आहे आणि येणारे-जाणारे त्या खिडकीपाशी आले की रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं चालायला लागतात. ती पाहत असते. काल मी तिथून जाताना उगाच थांबलो, काय बोलावं सुचलं नाही, आणि घरी येऊन ही वही काढली.

*

माझं काम असं होतं. थंडी पडली की लशीच्या काचेच्या नळ्या, नश्तर आणि रजिस्टर पेटीत घालून गावोगाव हिंडायचं. लेकराच्या दंडावर ओरखडा काढायचा, त्यात लस भरायची, वाळू द्यायची. आठव्या दिवशी परत जाऊन पाहायचं. फोड धरला असेल तर ठीक, नसेल धरला तर पुन्हा टोचायचं.

बाया मला फार भ्यायच्या. माझी पाठ वळली की काही जणी लेकराला मागच्या अंगणात नेत आणि लस वाळायच्या आधीच कडुनिंबाच्या पाण्यानं दंड धुऊन काढत. सरकारी माणसानं देवीमातेला चाकूनं जबरदस्तीनं अंगात घातलं, तिला मानानं परत पाठवावं, असा त्यांचा हिशेब. पण आठव्या दिवशी मी तपासायला येणार. मग घरातली जुनी जाणती बाई त्याच जागेवर बिब्बा लावून द्यायची. बिब्बा म्हणजे परीट कपड्यांवर खूण करायला घेतो ते काळं फळ. त्याचं तेल कातडीला लागलं की जागा फुगते, फोड येतो, खपली धरते आणि डाग कायमचा राहतो. वरवर पाहणाऱ्याला वाटावं, टीका, म्हणजे लशीचा व्रण, छान आला.

मी वरवर पाहणारा नव्हतो. असे बिब्बे मी कितीतरी पकडले. पकडला की असा ओरडायचो की शेजारची चार घरं गोळा व्हायची. त्या बाईला सगळ्यांसमोर अडाणी म्हणायचो आणि मग सदऱ्याची बाही वर सारून माझा दंड दाखवायचो. चवलीच्या नाण्याएवढे दोन काळे डाग. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं म्हणायचो, हे पाहा, मी मेलो का? आमच्या शिकवणीच्या वर्गात ज्यांचे डाग पुसट होते त्यांना पुन्हा टोचलं होतं. माझा दंड पाहून शिकवणारे म्हणाले होते, याला काय गरज. त्याचाही मला मोठा अभिमान होता.

वर्गात शिकलेलं मी गावात सांगायचो. शरीराला शत्रू एकदा ओळखू द्या, ते त्याला विसरत नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याच्याशी झुंजतात, आणि झुंज संपली तरी रक्तात त्याची ओळख राहून जाते. लशीत देवीचा एक गरीब भाऊबंद असतो. त्याच्यावर शरीर हात साफ करून घेतं आणि खरी देवी दारात आली की तिला उंबऱ्यावरच धरतं. लोक माना डोलवायचे. अर्ध्यांना पटायचं, अर्धे मी कधी जातो याची वाट पाहायचे.

त्या फाल्गुनात हुडकेश्वरात दोन घरी देवी आल्या. मी गेलो. एका घरात बारा-तेरा वर्षांची पोरगी खाटेवर पडली होती आणि लोक दारापासून दूर उभे होते. मी सरळ जाऊन तिच्या खाटेवर बसलो. तिच्या घरच्या माठातलं पाणी मागून प्यालो. टोचलेल्या माणसाला काही होत नाही, डोळ्यांनी पाहून घ्या, म्हणालो. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

*

आमचं घर शहरात, महाल नावाच्या वस्तीत. वडील मानमोडीच्या साथीत गेलेले. घरात माझी माय, बायको वेणू आणि सहा महिन्यांची छबी. मायला लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या, गालावर थोडे खड्डे होते. वेणूला माहेरी टोचलेलं होतं.

हुडकेश्वराहून आल्यावर बाराव्या दिवशी ताप भरला. कंबर अशी धरली की कुशीवर वळता येईना. मी म्हटलं हिवताप, आणि कोयनेल खाल्लं. दोन दिवस पडून होतो. छबी माझ्याजवळच खेळायची. माझी मिशी ओढायची तिला सवय होती, त्या तापातही मी तिला ओढू दिली. तिसऱ्या दिवशी अंग जरा हलकं वाटलं म्हणून दाढी करायला आरसा घेतला, तर कपाळावर आणि मनगटावर तांबडे बारीक दाणे. इतकी वर्षं हेच पाहत आलो होतो, पण आरशातल्या कपाळावर ते ओळखायला मला वेळ लागला.

खरं सांगतो, आधी भीती नाही वाटली, लाज वाटली. मला कशा येतील? माझा दंड?

मी वेणूला ओरडून सांगितलं की पोरीला इथून घेऊन जा. माय धावत आली, माझं तोंड पाहिलं, आणि तशीच परत फिरली. आली ती कडुनिंबाची डहाळी घेऊन. खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली आणि तिनं मला हात जोडले. माझ्या मायनं, मला. त्या घटकेपासून मी तिचा पोरगा नव्हतो, मातेची बसायची जागा झालो होतो. घरात फोडणी बंद, चपला बाहेर, उंबरा ओलांडून कुणी जायचं नाही. तिनं माझ्या कपाळाला हात लावला असता तर बरं झालं असतं.

मी हट्ट धरला की मला गावाबाहेर रोग्यांसाठी बांधलेल्या छपऱ्यांत न्या. घरात तान्हं लेकरू, आणि इतक्या लोकांना मीच तिकडे धाडलेलं. माय म्हणाली, "माता घरी आली त तिले घरातून काढते का कोनी? काहून असा वागून राहिला रे बापा?" मी ऐकलं नाही. दुपारी बैलबंडी आली.

वेणू दारात उभी होती, छबीचं तोंड खांद्यावर दाबून. गेला महिनाभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती, आणि त्याचं कारण आता सांगितलंच पाहिजे.

माघात छबीला मी माझ्या हातानं टोचलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दौऱ्यावर गेलो. परतलो तो सोळाव्या दिवशी. खपली पडायला आली होती, मला समाधान वाटलं. पण माय डोळ्याला पदर लावून बसलेली. म्हणाली, सूनबाईनं आठ दिवस नातीला हात लावू दिला नाही, पोरीला कडेवर घेऊनच भाकरी थापते, तिला घेऊन भिंतीला पाठ लावून निजते. मी वेणूला मायच्या समोरच म्हणालो, "माह्या घरात माह्या मायले परकी करतं? तुह्या माहेरी हेच शिकवलं का तुले?" तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि स्वयंपाकघरात गेली. का, असं मी तिला विचारलं नाही. मला वाटलं, सासू-सुनेचं नेहमीचं.

*

हुडकेश्वरच्या वाटेला, वस्ती संपली की एक नाला लागतो. नाल्याच्या अलीकडे मोठा कडुनिंब आणि पलीकडे तट्ट्यांच्या चार छपऱ्या. मला एक पूर्ण मिळाली. दुसरीत एक हमाल होता, तो चौथ्या दिवशी गेला. त्याचं तोंड मी पाहिलं नाही, फक्त कण्हणं ऐकलं. कण्हणं थांबलं तेव्हा मला बरं वाटलं आणि मग दिवसभर त्याचीच आठवण येत राहिली.

तिथे भागाबाई होती. पन्नाशीची, तोंडभर खड्डे, कमरेला पदर खोचलेला. रोग्यांचं सगळं तीच करायची. पहिल्या दिवशी ती फडकं ओलं करून माझं अंग पुसायला बसली. दाणे उठल्यापासून मला कुणी हात लावला नव्हता. मी विचारलं, भीती नाही वाटत? म्हणाली, "मले काहून वाटन? मले येऊन गेल्या. एकदा भेटली त पुन्हा मले वळखते ते." मी गावोगाव जे सांगत फिरायचो ते तिनं एका दमात सांगितलं. फक्त कोण कुणाला ओळखतं एवढा फरक.

खांदा पुसता पुसता तिचा हात थांबला. माझ्या दंडावरून तिनं अंगठा दोनदा फिरवला.

"भाऊ, हे टीका नाही होय. हा बिब्बा होय."

मला राग आला. मी म्हटलं, बाई, मी देवी टोचणारा आहे, मला शिकवू नको. ती हसलीही नाही. म्हणाली, "म्या माह्या लेकरायले लावला आहे गा. मले नाही समजनार त कोनाले समजन?"

मी मान वळवून दंडाकडे पाहिलं. खऱ्या टीक्याला खड्डा असतो, आत बारीक बारीक छिद्रं दिसतात. माझे दोन्ही डाग गुळगुळीत होते, काठाला काळी चमक. दुसऱ्याच्या दंडावर हेच असतं तर मी दारातूनच ओळखलं असतं आणि सगळी आळी गोळा केली असती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण. माझ्या दंडावर लस राहिलीच नव्हती. माझ्या शरीराला शत्रू कधी कुणी दाखवलाच नव्हता, आणि मी मात्र जाऊन त्याच्या खाटेवर बसलो होतो.

दुसऱ्याच क्षणी छबी आठवली. मला बिब्बा लावणारी बाई माझ्या घरात होती. छबीला टोचलं आणि मी निघून गेलो होतो. आठव्या दिवशी फोड पाहायला मी नव्हतोच. सोळाव्या दिवशी खपली पाहिली, पण खपली बिब्ब्याचीही असते. आणि ती दोन दिवस माझ्या उशाशी खेळली होती.

*

डॉक्टर रोज एकदा दारापर्यंत येत. भले गृहस्थ होते. मी त्यांच्यापुढे हात जोडले. म्हटलं, आजच्या आज कुणाला तरी घरी धाडा, लवकर टोचलं तर लस रोगाच्या पुढे पळते. त्यांनी लगेच माझ्या एका सोबत्याला पाठवलं. तो संध्याकाळी नाल्यापलीकडूनच ओरडून सांगून गेला की म्हातारीनं दार उघडलं नाही. घरात माता आहे, चाकू आत येणार नाही, म्हणाली. वेणू भेटली का? नाही भेटली. पोरीचा दंड? नाही पाहिला. आणि तो घाईनं निघून गेला. मी त्याच्या जागी असतो तरी असाच गेलो असतो.

आता दिवस मोजण्यापलीकडे हातात काही नव्हतं. पोरीला लागण झाली असेल तर बाराव्या-तेराव्या दिवशी ताप येणार. एरवी हे दिवस मी रजिस्टरात मांडायचो. आता बोटांच्या पेरांवर मोजत होतो, तोवर बोटांवरही फोड आले.

डॉक्टरांना मी औषध विचारलं. विचारायची गरज नव्हती, उत्तर मला ठाऊक होतं. ते म्हणाले, "देवीवर औषध नाही. जे काही करायचं ते तुमचं शरीर करतंय. ताप आहे म्हणजे ते भांडतंय. भांडू द्या. आम्ही पाणी पाजतो आणि वाट पाहतो." मी किती गावांना हे भांडण समजावून सांगितलं होतं. पण ते माझ्याच अंगात चाललेलं असताना मला कुणी काही सांगत नव्हतं. कोण जिंकतंय, कुठवर आलंय, काही कळायला मार्ग नाही. स्वतःच्या अंगातही माणूस पाहुणा असतो, हे मला तिथे कळलं.

सहाव्या दिवशी डोळे सुजून मिटले. आता फक्त कान उरले. केळीच्या पानावर निजवलं होतं, ते हललं की करकरायचं. माझाच वास मला सोसवत नव्हता. समोरच्या वाटेनं बंड्या जायच्या. छपऱ्या दिसल्या की गाडीवान बैलांना दामटायचे, घुंगरांचा आवाज एकदम वाढायचा आणि लांब जाऊन पुन्हा हळू व्हायचा. दिवसातून किती बंड्या गेल्या ते मी त्या पळण्यावरून ओळखायचो. कुणी हळू गेलं तर बरं वाटलं असतं.

भागाबाई कामात नसली की मी उगाच पाणी मागायचो. तिला ते कळायचं, पण ती पाणी घेऊन यायची.

*

आठव्या दिवशी सकाळी भागाबाई म्हणाली, नाल्यापलीकडे निंबाखाली कोणी बाई उभी आहे. उंच आहे, हिरवं लुगडं आहे. मी म्हटलं, कडेवर लेकरू आहे?

नाही, म्हणाली. एकटीच आहे.

वेणू छबीला सोडून कुठे जात नसे. मायनं घातलेली उंबऱ्याची बंदी मोडून ती इतक्या लांब चालत आली होती, आणि एकटी. मला वाटलं, ती सांगायलाच आली आहे. मी भागाबाईला सगळं समजावलं आणि तिला नाल्याच्या काठापर्यंत पाठवलं. घशात फोड होते, माझा आवाज छपरीबाहेर जाणार नव्हता.

भागाबाई ओरडली, "वं बाई, भाऊ विचारून राहिले, पोरीच्या दंडावरचा टीका खरा आहे का बिब्बा?"

मग वेणूचा आवाज आला. ती जन्मात कधी मोठ्यानं बोलली नव्हती, तो आवाज मला आधी ओळखूच आला नाही.

"खरा आहे म्हना त्यायले. बुढीनं बिब्बा काढून ठेवला होता, म्या उकिरड्यावर फेकला. आठ दिस पोरीले खाली ठेवलं नाही. पानी लागू देल्लं नाही. आता बुढीपाशी खेळून राहिली, ताप नाही."

मग म्हणाली, "अन् हेबी सांगा. ते आठ दिस मी त्या घरात एकटी होती. आल्यावर त्यायनं मलेच बोल लावला. विचारलं असतं त सांगतलं असतं."

मी पानावर पडल्या पडल्या ऐकलं. भागाबाई आत आली तेव्हा मी तिला म्हटलं, तिला सांग, चुकलं माझं. माझा आवाज इतका बारीक झाला होता की तिनं कान तोंडाशी आणला. मग ती पुन्हा काठावर गेली आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं ओरडली, "ते म्हनून राहिले, चुकलं म्हनून!"

वाटेनं एक बंडी चालली होती. ती मात्र हळू झाली.

मिटलेल्या डोळ्यांत पाणी आलं आणि भयंकर झोंबलं. मी विचारलं, आहे का? उभी आहे, म्हणाली भागाबाई. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. उभी आहे. तिसऱ्यांदा म्हणाली, गेली.

काही बोलली?

नाही.

*

त्यानंतर दुसरा ताप चढला, तो पहिल्यापेक्षा वाईट. त्या दिवसांतलं मला धड आठवत नाही. एक आठवतं. वेणू दर तिसऱ्या दिवशी यायची, नाल्यातल्या दगडावर काहीतरी ठेवायची आणि निंबाखाली जाऊन उभी राहायची. एकदा तिनं संत्री ठेवली. भागाबाईनं संत्र्याची एक फोड सोलून माझ्या ओठांवर पिळली. ओठ फाटलेले, आग आग झाली, पण त्या आगीतून गोडी लागली आणि मला जगावंसं वाटलं. त्याआधी तसं वाटत होतं की नव्हतं, सांगता येत नाही.

तेरावा दिवस गेला, चौदावा गेला. छबीला ताप आला नाही. भागाबाई रोज विचारून यायची आणि मी रोज नव्यानं विचारायला लावायचो. माझ्या शरीराला कुणी काही शिकवलं नव्हतं, म्हणून ते मरणाच्या दारात उभं राहून शिकत होतं. तिचं एका ओरखड्यात शिकून बसलं होतं.

खपल्या धरल्या. उजवा डोळा उघडला, डाव्यात फूल पडलं. उघडल्या डोळ्याला पहिलं तोंड दिसलं ते भागाबाईचं. तेव्हा मला त्याहून देखणं काही दाखवलं असतं तरी पटलं नसतं.

निघताना डॉक्टर पहिल्यांदाच छपरीच्या आत आले. म्हणाले, आता तुम्हाला देवी पुन्हा यायच्या नाहीत, आता तुम्हाला खरा टीका झाला. मी भागाबाईच्या पाया पडलो. ती चिडली, म्हणाली, जा घरी, ऊन होते.

*

घरी मायनं कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळ घातली, हळद लावली, आणि पुन्हा हात जोडायला लागली. मी तिचे हात धरून खाली केले. सगळं ठरवून आलो होतो. काय काय बोलायचं ते चाळीस दिवस घोकलं होतं. म्हटलं, माय, माझ्या दंडावर बिब्बा तू लावला?

ती पाटावर बसली. पाण्याच्या गडव्याच्या काठावरून बोट फिरवत राहिली.

"तुह्या आधी एक होता," म्हणाली. "त्याले टोचलं. हात सुजला, काळा पडला. आठव्या दिशी गेला. मंग तुले टोचलं तवा म्या धुतलं. पाहाले येनार होते म्हनून बिब्बा लावला."

मला माझ्याआधी भाऊ होता हे मला तिसाव्या वर्षी कळलं. त्या काळी नळ्या नव्हत्या. एका लेकराच्या फोडातली लस दुसऱ्याच्या दंडात भरत, नश्तर पुसलं तर पुसलं. हात सुजून पोरं जात, हे मी वर्गात शिकलो होतो आणि गावात कधी सांगितलं नव्हतं. वडिलांनी मला त्याच्याबद्दल कधी काही सांगितलं नाही. मायनं त्याचं नाव तेव्हाही घेतलं नाही. मी विचारलं, मग छबीला का लावणार होतीस? आता तर तिचा पोरगाच टोचत होता.

"भेव वाटलं," म्हणाली.

घोकलेलं सगळं बाजूला ठेवलं. मी तिच्याजवळ बसलो. अडाणी म्हणून ज्या ज्या बायांना मी चारचौघांत ओरडलो होतो त्या एकेक आठवू लागल्या.

मग स्वयंपाकघरात गेलो. वेणू पाठमोरी होती. मी म्हटलं, चुकलं माझं. ती म्हणाली, भागाबाईच्या तोंडून ऐकलं होतं. मी म्हटलं, आता माझ्या तोंडून ऐक. तिनं वळून माझं तोंड नीट पाहिलं, खड्डा न् खड्डा, कुठेही नजर न चुकवता. मग पाळण्यातून छबीला उचलून माझ्याकडे दिली.

छबीनं माझ्याकडे पाहिलं आणि जी किंकाळी फोडली ती थांबेचना. मिशी नव्हती, तोंड दुसऱ्याच कुणाचं होतं. एका ओरखड्याची ओळख तिचं रक्त जन्मभर विसरणार नव्हतं आणि बापाला ती चाळीस दिवसांत विसरली होती. वेणूनं तिला परत घेतलं, पण तिचा हात माझ्यासमोर धरला. मी आजवर डाग डोळ्यांनी तपासत होतो, हा बोटानं तपासला. खोलगट, आत खरखरीत. पोरगी रडत होती आणि मी बोट काढत नव्हतो.

ती माझ्याकडे यायला आषाढ उजाडला. तोवर ती आणि मी एकाच घरात होतो, एवढंच.

*

पुढच्या थंडीत पुन्हा पेटी उचलली. आता दंड दाखवत नाही. तोंड आपोआप दिसतं.

अमरावतीच्या सडकेवर वाडी आहे. तिथे एका बाईच्या लेकराला टोचलं आणि निघालो, तर पेटीचं कुलूप विसरलं म्हणून परत फिरलो. मागच्या अंगणात ती लेकराला मांडीवर घेऊन बसली होती, शेजारी निंबाच्या पाल्याचं पाणी. मला पाहून तिचा चेहरा पांढरा पडला. दंड अजून धुतलेला नव्हता.

पूर्वीचा मी असतो तर सगळी वाडी गोळा केली असती. मी पेटी खाली ठेवली आणि तिच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसलो. विचारलं, "याच्या आधी कोनी होतं का, बाई?"

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग तिनं दोन बोटं वर केली.

मी नावं विचारली. तिनं सांगितली. पहिल्याची गोष्ट सांगितली, मग दुसरीची. लेकराच्या दंडावरची लस वाळेपर्यंत मी तिथून उठलो नाही.